उसवमास्तरच्या पोटातली शिवण

माझा धाकटा भाऊ शिंपी आहे आणि लोकांच्या अंगावरची वाकडी शिवण त्याला बघवत नाही. एवढं लिहिलंस तरी निम्मा माणूस कागदावर आला म्हणून समज. उरलेला निम्मा सांगते. सावकाश लिही बाळा, घाई केलीस की तुझं अक्षर मला न वाचता येणारीलाही वाकडं दिसतं.

एकदा टपाल कचेरीच्या रांगेत उभा होता. पुढे एक जाडजूड साहेब, अंगात कोट, आणि कोटाची पाठीवरची शिवण तिरकी. याची बोटं वळवळायला लागली. खिशात ते छोटं टोकदार हत्यार असतंच, टाके काढायचं. रांग पुढे सरकत होती तसा हा उसवत होता. साहेब खिडकीपाशी पोचले तेव्हा कोटाला मागून दार झालेलं. साहेब केवढ्याने ओरडले! हा म्हणतो कसा, "ओरडू नका साहेब, तिरकी होती. संध्याकाळी सरळ करून देतो." आणि दिलीसुद्धा. तेव्हापासून सगळी गल्ली त्याला उसवमास्तर म्हणते. आजारपणातही त्याला सगळे तेच म्हणायचे, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला उसवमास्तर म्हणणं किती अशुभ वाटतं ते विचार मला.

त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कापायचं टेबल, एक मशीन, भिंतीला आरसा, आणि आरशाखाली गिऱ्हाइकांना उभं राहायला लाकडी खोकं. मी पलीकडच्याच गल्लीत दिलेली, त्यामुळे दुपारी माझं घरचं आटपलं की त्याच्याकडे काजं करायला बसायची. काज म्हणजे बटण घालायचं भोक रे, दुसरं काही नाही. हाताने त्याच्या कडा विणायच्या. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण माझी काजं बघून लोक विचारायचे, यंत्र कोणतं आणलंय मास्तर?

तर आजार. त्याचं पोट दुखायला लागलं, ते काही केल्या राहीना. जेवला की कळ, नाही जेवला की अशक्तपणा, आणि दिवसातून आठ-आठ वेळा मागच्या दाराने धाव. वजन असं उतरलं की दर दोन महिन्यांनी हा स्वतःचेच शर्ट आत घ्यायचा. भावजय म्हणायची, "अहो, शर्ट कसले आत घेताय, डॉक्टरकडे जा!" हा म्हणायचा, "जातो, एवढी बाही होऊ दे." शेवटी एके दिवशी शर्टात आत घ्यायला कापडच उरलं नाही, तेव्हा गेला.

आजाराचं नाव निघालं क्रोन्स. ज्या डॉक्टरने शोधला त्याचं आडनाव म्हणे. आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, आणि भरता भरता ते आखडून अरुंद होतं. माझ्या भावाने त्या आजाराला अगदी गिऱ्हाइकासारखं वागवायला सुरुवात केली. "आज क्रोन्ससाहेब सकाळीच येऊन बसलेत." "क्रोन्ससाहेब दोन दिवस फिरकले नाहीत, गावाला गेले वाटतं." हसावं की रडावं कळायचं नाही. मी आपली दोन्ही करायची.

पहिलं ऑपरेशन झालं. आखडलेला तुकडा कापला, दोन टोकं जोडली. चार वर्षं बरी गेली. शर्ट परत सैल केले. मग पुन्हा तेच. दुर्बीण घालून पाहिलं तर आजार परत आलेला, आणि तोही कुठे? बरोब्बर जोडाच्या जागी. जणू पत्ता लिहून घेतला होता.

या दुसऱ्या खेपेला सर्जनबाई नवीन होत्या. उंच, केस कापलेले, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांच्या खोलीत आम्ही तिघं गेलो, तो, भावजय आणि मी. टेबलावर प्लॅस्टिकचं उघडं पोट ठेवलेलं, त्यातलं काळीज की काय ते सारखं गळून पडायचं आणि बाई बोलता बोलता ते परत बसवायच्या. माझा भाऊ बाईंकडे बघतच नव्हता. तो बघत होता त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाकडे. खिशाची एक बाजू सुटलेली होती. मी टेबलाखालून त्याचा हात धरून ठेवला.

बाई म्हणाल्या, "मास्तर, आधी खरं सांगते. पहिल्या वेळी वीतभर आतडं गेलं. आता आणखी वीतभर जाईल. आतडं म्हणजे कापडाचं ठाण नाही, की संपलं तर दुसरं आणलं. दर चार वर्षांनी कापत बसलो तर अन्न अंगी लागायला जागा उरणार नाही. तेव्हा माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर आहे. तिसऱ्यांदा कात्री लागता कामा नये."

प्लॅस्टिकचं काळीज पुन्हा पडलं, पण कोणी उचललं नाही.

मग भाऊ म्हणाला, "बाई, मागच्या वेळी शिवण कुठली घातली होती?"

"साधी. तोंडाला तोंड."

"मग आखडणारच! अहो, बाहीला कफ लावतानासुद्धा आम्ही तसं भिडवत नाही."

बाई हसल्या आणि कागद ओढला. म्हणाल्या, आता जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. एक मशीनची. आतड्याचे दोन भाग शेजारी शेजारी धरायचे, आत पिना मारायचं यंत्र घालायचं आणि दाबायचं. खटकन कापलंही जातं, जोडलंही जातं, तोंड मोठं होतं. दुसरी हाताची. त्यात आधी दोन्ही तोंडं बंद करायची. ती बंद तोंडं एकमेकांना पाठीला पाठ लावून शिवायची...

"म्हणजे मध्ये कडक पट्टी झाली," भाऊ म्हणाला. "कॉलरीत बकरम घालतो तशी. आखडायला गेलं तरी ती आखडू देणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे समजवायला मला शिकाऊ डॉक्टरांपुढे अर्धा तास लागतो."

"पुढे?"

"आतड्याला एका बाजूने चरबीचा पडदा लागलेला असतो, त्यातून रक्त येतं."

"झालर."

"झालर म्हणा. आजार त्या झालरीकडूनच सुरू होतो असं पुष्कळांना वाटतं. म्हणून झालरीपासून लांब, उलट बाजूला दोन्ही भागांवर उभी चीर द्यायची, आणि ती आडवी शिवायची. टाका टाका हाताने."

"हीच घाला!" भावाने टेबलावर हात आपटला. "हाताची! मशीनची टीप मी आयुष्यभर मारतोय, तिची लायकी मला माहीत आहे."

तर बाई म्हणाल्या, थांबा. हाताच्या शिवणीने आजार परत येणं कमी झालं असं काही ठिकाणी दिसलंय, काही ठिकाणी काहीच फरक दिसला नाही. नक्की कोणालाच माहीत नाही. म्हणून आम्ही अभ्यास चालवलाय. जे रोगी तयार होतील त्यांची चिठ्ठी काढायची. निम्म्यांना मशीन, निम्म्यांना हात. वर्षाने दुर्बीण घालून बघायचं, जोडाशी आजार आलाय का. आणि तोपर्यंत रोग्याला सांगायचं नाही, त्याच्या पोटात कोणती शिवण आहे ते.

आता तू विचार कर. शिंप्याला सांगायचं की तुझ्या स्वतःच्या पोटातली शिवण तुला कळणार नाही!

"बाई," भाऊ म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला, "गिऱ्हाईक म्हणतं कॉलर गोल हवी, मी म्हणतो टोकदार शोभेल, आमची भांडणं होतात. पण चिठ्ठी टाकून शर्ट कोणी शिवत नाही हो."

"म्हणूनच शिंप्यांना अजून पत्ता नाही, कोणती कॉलर चांगली," बाई म्हणाल्या.

भावजय फस्सकन हसली. तिथून ती बाईंच्या पक्षात गेली ती गेलीच.

बाईंनी हेही सांगितलं की जबरदस्ती नाही. नको म्हणालात तरी ऑपरेशन करणारच, माझ्या हातांना सवयीची असेल त्या तऱ्हेने करीन. विचार करा. पण आठ दिवसांच्या वर नाही, कारण आतली वाट आता बोटाएवढीसुद्धा उरलेली नाही.

घरी आल्यावर याने विचार केला नाही, याने शिवण केली. दुपारी मी गेले तर टेबलावर अस्तराच्या गुलाबी कापडाच्या लांबच लांब नळ्या, आणि प्रत्येक नळीला एका बाजूने चुण्या घातलेली झालर. मी म्हटलं, "हे काय रे, कोणाचे पायमोजे?"

"ताई, आतडी आहेत."

तेवढ्यात भावजय आतून आली. तिने ती झालर हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि किंचाळली, "अहो! हा माझा परकर आहे!"

"होता," भाऊ म्हणाला. "कडेला आयती झालर होती."

एक नळी त्याने मशीनच्या तऱ्हेने जोडली, एक हाताच्या. दोन्ही अंगणातल्या दोरीवर चिमट्यांनी टांगल्या. खाली बादल्या. मग कणकेची खळ शिजवली, आजारी माणसाच्या पेजेइतकी पातळ, आणि मला स्टुलावर चढवून हातात नरसाळं दिलं. "ओत ताई. आधी मशीनमध्ये." मी ओतली. गेली. "आता हातात." ओतली. तीही गेली.

"बघितलंस! हाताची कशी सरळ गेली!"

"अरे, दोन्ही सारख्याच गेल्या."

"तुला वरून दिसत नाही."

मग खळ दाट केली. मग तिच्यात वाटाणे टाकले. शेजारचा इस्त्रीवाला हातातलं काम टाकून कुंपणाशी येऊन उभा. भावजय कमरेवर हात ठेवून. कोणीतरी ओरडलं, मशीनमध्ये वाटाणा अडकला! भाऊ आनंदाने नाचायलाच निघाला. तर इस्त्रीवाला म्हणाला, "मास्तर, अडकला तो हातवाल्यात. मशीनवाली इकडे आहे." नळ्या वाऱ्याने फिरल्या होत्या. मग कोणती कोणती यावर दोघांची अशी जुंपली, की हा तावातावाने एक नळी ओढायला गेला, चिमटा सुटला आणि सगळी खळ इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर, वाटाण्यांसकट. इस्त्रीवाल्याने शांतपणे कानातला वाटाणा काढला आणि म्हणाला, "माझ्या मते दोन्हीही वाहतात."

आठव्या दिवशी भाऊ ती कापडाची आतडी पिशवीत घालून दवाखान्यात. बाईंच्या टेबलावर ओल्या साड्या पसराव्यात तशी पसरली. बाईंनी हाक मारून आणखी तीन डॉक्टर बोलावले. सगळ्यांनी उलटसुलट करून पाहिली. एक शिकाऊ डॉक्टर, चष्म्याचा, म्हणाला, "मॅडम, ही वर्गात दाखवायला ठेवून घेऊ या का?" माझ्या भावाची छाती दीड वीत फुगली. त्या दिवसांत होतीच मुळी तेवढी.

"मास्तर, काम उत्तम," बाई म्हणाल्या. "पण यातून काय वाहतं ते बघून माझं उत्तर मिळत नाही. वाहायला दोन्ही वाहतात."

"इस्त्रीवालाही तेच म्हणाला."

"कापडाला आजार होत नाही, मास्तर. झाल्यावर परतही येत नाही. ते बघायला जिवंत माणूस लागतो, एक नाही, पुष्कळ. आणि वर्ष लागतं."

"म्हणजे या खेपेला कापड मी."

"आणि शिंपी मी."

भावाने ती कापडाची आतडी बाईंपुढे सरकवली. मग म्हणाला, "बाई, एक टाका घालून दाखवा."

भावजयीने कपाळाला हात लावला. "अहो! त्या मोठ्या डॉक्टर आहेत!"

पण बाईंनी खरंच खणातून चिमट्यासारखं हत्यार काढलं, त्यात वाकडी सुई धरली आणि त्याच्या गुलाबी आतड्याला सात-आठ टाके घातले. माझा भाऊ वाकून, श्वास रोखून बघत होता. गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नाचं कापड कापतानासुद्धा मी त्याला असं गप्प पाहिलेलं नाही. झाल्यावर त्याने कापड घेतलं, उलटं केलं, आतून नख फिरवलं. म्हणाला, "हात चांगला आहे." मग खिशातलं हत्यार काढून त्यातला एक टाका उसवला, म्हणाला, "हा सोडून," आणि कागदावर सही केली.

आता खरी गंमत ऐक. सही केली तरी त्याचं मन काही गप्प बसणार नव्हतं. त्या चष्म्याच्या डॉक्टरला त्याने गोड बोलून विचारलं, वेळ कशाला जास्त लागतो हो? तो बिचारा बोलून गेला, हाताला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. झालं! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भावाने मला हळूच जवळ बोलावलं.

"ताई, तुझं एक काज सात मिनिटांचं असतं. मी घड्याळ लावून बघितलंय. मला आत नेलं की तू बाहेर बसून काजं करायला लाग. मला बाहेर आणलं की थांब. अठराच्या आत झाली तर मशीन. बाविसाच्या पुढे गेली तर हात."

"अरे, भिंतीवर घड्याळ असतं की तिथे."

"ते त्यांचं घड्याळ आहे. बाई हुशार आहेत. मागे-पुढे करतील."

"मग बायकोला सांग."

"ती फितूर आहे."

मी तरी काय करणार, हो म्हटलं. एका गिऱ्हाइकाचा अर्धवट शर्ट घेऊन गेले. त्याला आत नेला, त्याने जाता जाता मला डोळा मारला, दार बंद झालं, आणि माझ्या सुईत दोराच जाईना. पहिलं काज केलं, ते तिरकं. उसवलं. परत केलं. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा, मी रडायची, डोळे पुसायची, टाका चुकायची, परत उसवायची. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, बसमध्ये कंडक्टर, अंगावर कामावरचाच गणवेश. तिच्या नवऱ्याचं पित्ताच्या खड्यांचं होतं. ती म्हणाली, "मावशी, मलाही द्या की एखादी सुई. नुसतं बसून जीव जायची वेळ आली." मी दिली. तिचा हात असा झरझर चालायचा, तिकिटं फाडावीत तशी काजं करायची. शर्टाला पुढे सात लागतात. ती संपली. मग आम्ही बाह्यांवर केली. मग खिशावर. मग कॉलरीवर. बोलत होतो, रडत होतो, तिने तिच्या सासूच्या गोष्टी सांगितल्या, मी माझ्या, आणि हात चालूच. पाठीवर आलो तेव्हा दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. तोंडावरचं फडकं खाली केलं आणि म्हणाल्या, "छान झालं." भावजय माझ्या गळ्यात पडली, सुई तिच्या दंडात घुसली, आणि आम्ही तिघी ओरडलो.

शुद्धीवर येता येता माझ्या भावाने डोळे किलकिले केले. भावजय म्हणाली, "अहो, दुखतंय का?" त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. "ताई, किती?"

मी मोजली होती. "एकतीस."

काय सांगू तुला, त्या पिवळ्या पडलेल्या चेहऱ्यावर असा उजेड पडला! "एकतीस! म्हणजे हात! साडेतीन तास हाताने... बाईंनी एकेक टाका जीव ओतून घातलाय." आणि हसत हसत झोपला.

कंडक्टरबाईचं मला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. पण असा झोपलेला त्याला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. म्हटलं, उद्या सांगू. उद्या तो पाण्याचे दोन घोट प्यायला आणि म्हणाला, "बघ ताई, हाताच्या शिवणीतून पाणीसुद्धा कसं मऊ जातं." म्हटलं, परवा सांगू. असं करता करता वर्ष गेलं.

आणि ते वर्ष म्हणजे काय सांगू! औषधं वेळच्या वेळी घेतली. बाईंनी बजावलं होतं, सिगारेट ओढलीत तर आजार हमखास परत येईल, तर तीही सोडली. ओठांना चाळा म्हणून मोजायच्या टेपचं टोक चावत बसायचा. त्या टेपचे पहिले तीन आकडे गेले, आणि वहीतल्या जुन्या मापांवर कापलेले गिऱ्हाइकांचे शर्ट सगळे तीन बोटं तोकडे व्हायला लागले. पण डोक्यात हात शिरला होता ना! मशीनवर चादर टाकून दिली. "ज्याच्या पोटात हाताचं काम आहे त्याने बाहेर मशीन चालवावी?" शर्टाला हातशिलाई, पायजम्याला हातशिलाई, गादीच्या खोळीलासुद्धा हातशिलाई. लोक चार-चार महिने कपड्यांची वाट बघायचे. इस्त्रीवाला म्हणायचा, "मास्तर, माझी पँट या जन्मी मिळेल ना?" भावजय मला कोपऱ्यात घेऊन म्हणायची, "वन्सं, यांना कोणी सांगितलं हो हाताचं म्हणून?" मी म्हणायची, "काय की बाई." आणि सुईत दोरा ओवायला लागायची.

पण रोज सकाळी, तो जेवायला बसला की आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघायचो. कळ येते का? घास थांबतो का? पोटावर हात जातो का? तो हसवायचा आम्हाला, पण एकदा मी दुकानात अचानक गेले तर तो आरशापुढच्या खोक्यावर एकटा उभा होता, शर्ट वर करून, पोटावरच्या व्रणावर बोट ठेवून. मला बघून म्हणाला, "माप घेत होतो."

वर्षाने दुर्बीण. ती घालणारे डॉक्टर वेगळे, त्यांनाही सांगितलेलं नव्हतं कोणाच्या पोटात कोणती शिवण, म्हणजे त्यांनी बघून खरं तेच सांगावं. माझ्या भावाला गुंगीचं औषध दिलं, पण मान आतलं दिसतं त्या पडद्याकडे! "मला आतली बाजू बघू द्या. उलट्या बाजूने शिंप्याला सगळं कळतं." सर्जनबाईंनी उठून त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये हिरवी चादरच धरली. मग तो गुंगीतच मोठमोठ्याने, "कॉलर बघा! आधी कॉलर बघा!" दाराबाहेर आम्हाला ऐकू येत होतं. भावजयीने माझा हात असा आवळला होता की बांगडी वाकली.

दुर्बीणवाले डॉक्टर बाहेर आले. शून्यापासून चारपर्यंत मोजतात म्हणे, चार म्हणजे वाईट. ते म्हणाले, "शून्य. जोड स्वच्छ आहे. एक ठिपकासुद्धा नाही."

भावजय तिथेच खाली बसली. बाकड्यावर नाही, फरशीवर.

मग भाऊ पुरता शुद्धीत आल्यावर आम्हाला सर्जनबाईंच्या खोलीत बोलावलं. वर्ष पुरं झालं की रोग्याला सांगायचं असं कागदात लिहिलेलंच होतं. भाऊ खुर्चीत ताठ. "बाई, सांगायची गरजच नाही, पण नियम म्हणून सांगा."

बाईंनी लखोटा फोडला. "मशीन."

भावाने आधी बाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, मग माझ्याकडे. "पण... एकतीस काजं?"

मी म्हटलं, "त्यातली सतरा कंडक्टरबाईची."

"कोण कंडक्टरबाई?"

सगळं सांगावं लागलं. सासूच्या गोष्टींसकट. भावजय आधी हबकली, मग हसायला लागली ती थांबेचना. सर्जनबाईंनी हसता हसता डोळे पुसले. भाऊ मात्र गंभीर. म्हणाला, "ताई, वर्षभर मी गादीच्या खोळी हाताने शिवल्या." मी म्हटलं, "हो रे." म्हणाला, "माझ्या बोटाला घट्टे पडले." मी म्हटलं, "हो रे राजा." मग तो बाईंकडे वळला. "म्हणजे मशीनच चांगली म्हणायची?"

"तुमच्या एकट्यावरून काही ठरत नाही. अजून पुष्कळ लोकांचं बघायचंय. हाताची चांगली निघेल, मशीनची निघेल. दोन्ही सारख्याही निघतील."

"सारख्या!" तो अर्धा उठला. "बाई, दोन शिवणी सारख्या कशा निघतील?"

"तुम्ही आधी खाली बसा. आणि पुढच्या वर्षी परत या. आपल्याला लक्ष ठेवायचंच आहे. पण आज, मास्तर, कात्री लांब आहे."

तेव्हा कुठे त्याला ते खरं कळलं. इतका वेळ तो शिवणीतच अडकला होता. खुर्चीत मागे टेकला, तोंडावर दोन्ही हात घेतले, आणि त्याचे खांदे हलायला लागले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

बाहेर आलो तर बाकड्यावर एक हडकुळा माणूस बसला होता, शाळेत चित्रकला शिकवणारा. मांडीवर तोच सहीचा कागद. याचा चेहरा बघून त्याने विचारलं, "तुम्हीही यातले का? काय हो, हाताची बरी की मशीनची?"

माझ्या भावाने तोंड उघडलं. भावजयीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. वर्षभर गल्लीतल्या प्रत्येक माणसाला ऐकवलेलं सगळं त्याच्या ओठांवर आलेलं आम्हाला दिसत होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "बाईंनाही माहीत नाही. तेच शोधतायत. पण हात चांगला आहे त्यांचा, मी बघितलाय."

"आणि वर्षभर कळत नाही म्हणे आत काय आहे ते?"

"नाही कळत. डोकं चालवू नका, त्यात माझ्या गिऱ्हाइकांचे फार हाल झाले. कामाला लागा आपल्या."

त्या माणसाने थोडा वेळ कागदाकडे पाहिलं. मग सही केली. चित्रकलेचा मास्तर, सही मोठी झोकदार होती रे.

"जेवण जातं का?" त्याने हळूच विचारलं.

हा म्हणाला, "जातं की. अहो, आत्ता जायचंय. हे उपाशीपोटी दुर्बीण घालतात ना, कालपासून पोटात काही नाही. ताई, चल लवकर, ते दवाखान्याचं उपाहारगृह बंद होईल!" आणि आम्हा दोघींना मागे टाकून तो जिना उतरायला लागलासुद्धा.